शब्दांच्या जाती आणि अर्धा ड्रम

आठवीत असताना एकदा सकाळची हजेरी अर्ध्यावरच थांबली. इंग्रजीचे सर नाव घ्यायचे, आम्ही ‘प्रेझेंट सर’ म्हणून ओरडायचो, असं नेहमीसारखं चाललं होतं. अचानक सरांनी एकाला उभं केलं आणि विचारलं, “आत्ता प्रेझेंट म्हणालास, त्याची जात कोणती?” तो गप्प. जात म्हटल्यावर त्याला दाखल्यावरचा रकानाच आठवला असणार.

सरांनी फळ्यावर तीन वाक्यं लिहिली. आय ॲम प्रेझेंट. धिस इज अ प्रेझेंट. वुई प्रिझेंट अ प्ले. पहिल्यात विशेषण, दुसऱ्यात नाम, तिसऱ्यात क्रियापद. स्पेलिंग तिन्हीकडे तेच, फक्त क्रियापद झालं की जोर शेवटाकडे सरकतो. तो कुठे पडतो हे कळावं म्हणून सर डस्टर टेबलावर आपटत होते आणि पहिल्या बाकावरच्यांचं डोकं खडूनं पांढरं होत होतं. मग म्हणाले, “शब्दाच्या कपाळावर जात लिहिलेली नसते. तो वाक्यात काम काय करतो ते बघायचं. काम बदललं की जात बदलली.” आमच्या गावात हे तेव्हा फक्त इंग्रजीच्या तासालाच शक्य होतं.

शेवटच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “सर, मराठीतही आहे की! मार खाल्ला, आणि मार त्याला!” वर्ग हसला, सरही हसले. पण सोडून देणारे ते नव्हतेच. म्हणाले, “बरोबर. पण मराठी शब्द फार वेळ असा मोकळा राहत नाही. मारतो, मारला म्हटलं की क्रियापद. माराला, माराने म्हटलं की नाम. मराठी शब्द शेपटीवरून ओळखायचा, इंग्रजी जागेवरून.”

असं का, ते मला पुष्कळ वर्षांनी मुलीकडून कळलं. ती इंग्रजी घेऊन एमए झाली. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीलाही म्हणे शेपट्या होत्या. प्रेम या नामाला ‘लुफु’ आणि प्रेम करणे या क्रियापदाला ‘लुफियन’ असं लिहीत. पुढच्या काही शतकांत शेपट्या झिजून गळाल्या आणि दोन्हींचं मिळून एकच ‘लव्ह’ उरलं.

सरांचा आवडता शब्द होता ‘फास्ट’. स्वतः एकादशी कडक पाळायचे, त्यामुळे उदाहरण दर पंधरा दिवसांनी तयार. आय फास्ट, क्रियापद. माय फास्ट, नाम. फास्ट ट्रेन, विशेषण. रन फास्ट, क्रियाविशेषण. उपवासाचा आणि पळण्याचा संबंध काय, असं मी विचारलं, तर म्हणाले, मुळात फास्ट म्हणजे घट्ट, पक्कं. नियम घट्ट धरला तो उपवास, आणि जोर लावून पळाला तो वेगवान. माझा त्यावर विश्वास बसला नव्हता. पुढे आयटीआयला टर्नर ट्रेडला गेलो, तिथे नट-बोल्टला फास्टनर म्हणतात हे ऐकलं आणि सरांची मनातल्या मनात माफी मागितली.

आता मूळ गोष्ट. आयटीआय झाल्यावर कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात लागलो. दुसऱ्याच आठवड्यात सुपरवायझरनी पेन्सिलीनं खरडलेली चिठ्ठी हातात आली. ‘एम्प्टी ड्रम्स निअर गेट.’ मराठी शाळेतला मुलगा, पण इंग्रजीत पंचावन्न मार्क होते, तेव्हा कुणाला विचारण्यात कमीपणा वाटला. गेटपाशी गेलो तर दोन ड्रम उभे. हुकूम स्पष्ट होता: ड्रम रिकामे करा. हेल्परला हाताशी धरलं, बूच काढलं, पहिला ड्रम आडवा केला आणि लोखंडाचा कीस टाकायच्या खड्ड्यात ओतायला लागलो. फोरमन बोंबलत आला तोवर अर्धा ड्रम गेला होता. त्याच सकाळी टेम्पोतून उतरवलेलं नवंकोरं कटिंग ऑइल!

सुपरवायझरना म्हणायचं होतं, रिकामे ड्रम गेटजवळ नेऊन ठेव. त्यांचं एम्प्टी विशेषण होतं, मी ते क्रियापद केलं. पुढचे दोन महिने पगारातून पैसे कापले गेले. आईला कारण कधी सांगितलं नाही.

त्या दिवसापासून माझा कान या बाबतीत तिखट झाला. मशीनवर आम्ही कुणी नुसतं ‘सेट’ किंवा ‘ड्रिल’ म्हणत नाही. जॉब सेट कर, ड्रिल मार, मशीन ऑफ कर. इंग्रजी शब्द आमच्यात आला की त्याला आम्ही आधी करणे-मारणेची शेपटी लावून घेतो, मगच कामाला जुंपतो. हे कुणी शिकवलेलं नाही. शुद्ध मराठीवाले नाकं मुरडतात, पण या शेपटीमुळे ऑइल वाचतं. आज मी स्वतः सुपरवायझर आहे आणि चिठ्ठ्या मराठीत लिहितो. ‘रिकामे ड्रम’ आणि ‘ड्रम रिकामे करा’ यांत हेल्परचाच काय, कुणाचाच घोटाळा होत नाही.

निवृत्तीनंतर सर एकदा बाजारात भेटले. हातात भाजीची पिशवी, पाठ अजून ताठ. धीर करून ड्रमची सगळी हकिकत सांगितली. म्हटलं, आता हसतील, नाहीतर कपाळाला हात लावतील. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. पिशवी खाली ठेवली, चष्मा पुसला.

“ड्रम्सच्या आधी ‘द’ होता का?”

“नव्हता सर.”

“एम्प्टी द ड्रम्स असतं तर क्रियापद. ‘द’ नाही म्हणजे दोन्ही शक्य. तेव्हा अर्धी चूक लिहिणाऱ्याची.” पिशवी उचलता उचलता म्हणाले, “आणि अर्धी तुझी. अर्धाच ड्रम ओतलास ना?”