तुम्ही विचारलंत म्हणून : रोज एफ१ दाबून कॉम्प्युटर चालू केला तर चालेल का?

जुना डेस्कटॉप अजून वापरात असलेल्या घरांतून, शाळांतून, लहान दुकानांतून हा प्रश्न वारंवार येतो. बटण दाबलं की काळ्या स्क्रीनवर ‘सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड’ अशी ओळ दिसते आणि खाली ‘पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा’. एफ१ दाबलं की विंडोज उघडतं आणि कामही होतं. मग मदरबोर्डवरचा, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डवरचा, छोटा गोल सेल बदलायची घाई कशाला?

घाई करावी असं माझं स्पष्ट मत आहे. एफ१ने त्या दिवसापुरती वाट मोकळी होते, पण मशीन दरवेळी सगळ्या सेटिंग्ज विसरून कारखान्यातल्या मूळ सेटिंग्जवर सुरू होत असतं. त्या तुमच्या हार्डडिस्कला आणि विंडोजला जुळणाऱ्या असल्या तर ठीक. नसल्या तर विंडोज उघडतच नाही आणि मग कुणीतरी ‘विंडोज उडालं, फॉरमॅट मारावं लागेल’ असं सांगून मोकळं होतं. वर्षानुवर्षांचे फोटो आणि हिशेब त्यात जातात, तेही शंभर रुपयांच्या आत मिळणाऱ्या सेलपायी.

आधी आत काय चालतं ते पाहू. तारीख-वेळ सांभाळणारं घड्याळ आणि बायोसच्या (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या) सेटिंग्ज ठेवणारी ‘सीमॉस’ ही चिमुकली मेमरी, दोन्ही मदरबोर्डवरच्या गोल सेलवर चालतात. आयबीएमच्या १९८४ सालच्या पीसी एटीमध्ये यासाठी मोटोरोलाची वेगळी चिप होती. तिच्यात ६४ बाइट जागा, त्यातले १४ घड्याळाच्या कामाला आणि उरलेले ५० सेटिंग्जना. आता हे सगळं चिपसेटच्या, म्हणजे बोर्डवरच्या मुख्य चिपच्या, पोटात गेलंय, पण रीत तीच आहे. सेटिंग्ज सेव्ह करताना बायोस त्यांच्या आकड्यांची बेरीज (चेकसम) करून तीही तिथेच लिहून ठेवतं. पुढच्या वेळी चालू होताना पुन्हा बेरीज करतं. सेल उतरलेला असेल तर मेमरीतला मजकूर बिघडलेला असतो, बेरीज जुळत नाही आणि ती ओळ स्क्रीनवर येते. म्हणजे या टप्प्यापर्यंत हार्डडिस्कचा किंवा विंडोजचा संबंधच आलेला नसतो.

पुष्कळदा ही ओळ कुणी वाचतही नाही. तक्रार येते ती ‘इंटरनेट चालत नाही’ अशी. घड्याळ कुठल्या तरी जुन्या वर्षात गेलेलं असतं, त्यामुळे ब्राउझरला बँकेच्या साइटचं प्रमाणपत्र चुकीचं वाटतं आणि तो साइट उघडायला नकार देतो. राउटर चालू-बंद करत बसण्याआधी स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा.

वेळ चुकली म्हणजे सेलच गेला असंही नाही. कॉम्प्युटर चालू असतानाच वेळ चुकत असेल तर दोष सहसा दुसरीकडे असतो. फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर सेलला हात लावू नका. एकाच मशीनवर लिनक्स आणि विंडोज दोन्ही असले की असं होतं : लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. भिंतीवरचं बटण बंद करून मशीन रात्रभर ठेवल्यावर वेळ मागे पडत असेल, तर मात्र सेलच.

त्या बटणाचा यात मोठा वाटा आहे. प्लगला वीज असेपर्यंत, कॉम्प्युटर बंद असला तरी, एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देत राहतो आणि सेलवर भार जवळपास येत नाही. आपल्याकडे काम संपलं की बटण बंद करतात, त्यामुळे सेल लवकर संपतो. पण सेल वाचवण्यासाठी बटण चालू ठेवू नका. पावसाळ्यात विजा कडाडत असताना मशीन सांभाळणं जास्त महत्त्वाचं.

सेल मागताना ‘सीआर २०३२’ असं नेमकं सांगा. २० म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. घड्याळवाल्याकडे कधी २०२५ हातात दिला जातो. त्याचाही दाब ३ व्होल्टच असतो, पण जाडी २.५ मिलिमीटर, त्यामुळे सॉकेटच्या पत्त्यांना तो घट्ट लागत नाही आणि पुन्हा तीच एरर येते. सीलबंद पाकिटातला घ्या आणि पाकिटावरची तारीख बघा. मल्टिमीटर असेल तर डीसी २० व्होल्टच्या रेंजवर मोजा : नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वरच दाखवतो. जुना २.८च्या खाली गेला असेल तर बदलाच. २.९ दाखवणाराही दगा देऊ शकतो, कारण मोजताना त्याच्यावर भार नसतो.

कॉम्प्युटर अजून अधूनमधून नीट चालू होत असेल आणि सेटिंग्ज शाबूत असतील, तर सेल काढण्याआधी बायोसमध्ये जाऊन (त्यासाठीचं बटण पुढे दिलंय) प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. पुढे याचा फार उपयोग होतो.

आता प्रत्यक्ष काम. शटडाउन करा, भिंतीवरचं बटण बंद करा, पॉवर कॉर्ड मागून काढा आणि कॅबिनेटचं पॉवर बटण १० सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. काहीजण सेटिंग्ज टिकाव्यात म्हणून प्लग चालू ठेवूनच सेल बदलतात. तसं करू नका. एखादा स्क्रू किंवा सेल हातातून सुटून चालू बोर्डवर पडला, तर बोर्डच जायचा. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवा, मग डावीकडची पाटी काढा.

बहुतेक बोर्डवर सेल खालच्या बाजूला, पीसीआय स्लॉटजवळ (जादा कार्डं बसवायच्या खाचांजवळ) आडवा बसवलेला असतो. अधिक चिन्ह आणि अक्षरं वर. कडेला धातूची एक छोटी जीभ असते. ती नखाने सेलपासून बाहेर ढकलली की सेल आपोआप एका बाजूने उचलला जातो. स्क्रूड्रायव्हर खाली घालून उचकटायला जाल तर तळाची पत्ती वाकते आणि नवा सेलही लागत नाही. सॉकेटमध्ये हिरवट डाग दिसला तर कोरड्या कापडाने पुसा. नवा सेल कडेने धरा, आधी पत्तीच्या खाली सरकवा आणि मग ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबा.

इथवर निम्मंच काम झालं, आणि लोक इथेच थांबतात. नवा सेल रिकामी मेमरी सांभाळतो. तिच्यात काय लिहायचं ते तुम्हीच ठरवायचं असतं. त्यामुळे सेल बदलल्यावर पहिल्यांदा एरर येणारच. तेव्हा मशीन चालू होताना ठरलेलं बटण दाबून बायोसमध्ये जा. सुटे भाग जोडून बनवलेल्या (असेंबल्ड) मशीनवर सहसा डिलीट, डेल आणि इंटेलच्या बोर्डवर एफ२, एचपीवर एफ१०, लेनोवोच्या थिंकसेंटरवर एफ१. तारीख भरताना सावध राहा : बायोसमध्ये बहुधा अमेरिकी पद्धत असते, आधी महिना, मग दिवस.

अवॉर्ड कंपनीचं बायोस असलेल्या जुन्या बोर्डवर एक खोडी हमखास येते. मूळ सेटिंगमध्ये ‘ड्राइव्ह ए’ला १.४४ एमबीची फ्लॉपी गृहीत धरलेली असते. फ्लॉपी नसली की ‘फ्लॉपी डिस्क फेल’ म्हणून पुन्हा एफ१ मागितलं जातं आणि लोकांना वाटतं की नवा सेलही खराब निघाला. पहिल्याच पानावर ड्राइव्ह एसमोर ‘नन’ करा. मग बूट ऑर्डरमध्ये (मशीन कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं त्या क्रमात) विंडोजची डिस्क पहिली आणा. दोन डिस्क असतील तर ‘हार्डडिस्क प्रायॉरिटी’चं वेगळं पान असतं, तेही बघा. ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ हा मेसेज पुष्कळदा एवढ्यानेच जातो.

सगळ्यात जास्त नुकसान करते ती साटा मोडची, म्हणजे बोर्डने डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलायचं त्याची, सेटिंग. एच६१ चिपसेटच्या, २०११ आणि नंतरच्या बोर्डवर आयडीई (जुनी पद्धत) आणि एएचसीआय (नवी पद्धत) असे पर्याय असतात. विंडोज ७ एएचसीआयवर टाकलेलं असेल आणि सेल गेल्यावर बायोस आयडीईवर आलं, तर विंडोजचा लोगो दिसतो आणि लगेच निळी स्क्रीन. कोडच्या शेवटी ७बी असतं. याचा अर्थ डिस्क गेली असा नाही. डिस्कशी बोलायला कोणता ड्रायव्हर घ्यायचा ते विंडोज ७ टाकतानाच ठरतं, आणि आता समोर कंट्रोलर दुसऱ्याच रूपात उभा असतो. मोड बदला, एफ१० दाबून सेव्ह करा आणि पुन्हा चालू करा. फॉरमॅटची गरज नाही, रिपेअरच्या सीडीचीही नाही. याच धर्तीवर, थोड्या नव्या बोर्डवर बायोस निव्वळ यूईएफआय बूटवर (सुरू होण्याच्या नव्या पद्धतीवर) गेलं आणि डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर ती दिसत नाही. तिथे जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारा ‘लेगसी’ किंवा ‘सीएसएम’ हा पर्याय चालू करा.

एवढं करूनही एरर आली तर खालची ओळ शब्दन् शब्द वाचा. कीबोर्ड किंवा सीपीयू फॅन असं लिहिलेलं असेल तर दोष तिथेच आहे, सेलचा नाही. ‘स्मार्ट स्टेटस बॅड’ असेल तर हार्डडिस्कच बिघाडाचा इशारा देतेय, बाकी सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डेटा कॉपी करून घ्या. सीमॉसचीच तक्रार असेल तर बोर्डवरचा क्लिअर सीमॉसचा जम्पर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) बघा. तो सहसा तीन पिनांवर असतो आणि बहुतेक बोर्डवर नेहमीची जागा १-२ असते. नक्की जागा मॅन्युअलमध्ये किंवा बोर्डवर छापलेली असते. कुणी साफसफाईत तो सरकवून ठेवला असेल तर सेटिंग्ज टिकणार नाहीत. जम्पर जागेवर असून नवा सेल काही महिन्यांत उतरत असेल, तर बोर्ड कुठेतरी वीज गळवतोय. अशा बोर्डवर दुरुस्तीचा खर्च करू नये असं मला वाटतं. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावावी.

जुना सेल टेबलावर ठेवून देऊ नका. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि ई-कचऱ्यात द्या. लहान मुलं हे सेल तोंडात घालतात, आणि उतरलेल्या सेलमध्येही अन्ननलिका भाजण्याइतकी वीज उरलेली असते. दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते, म्हणून गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.