आईचं श्रवणयंत्र आणि गाडीचे चार टायर

गाडीत बसल्यावर आई श्रवणयंत्र काढून पर्समध्ये ठेवायला लागली, तेव्हा मी टायरकडे नीट बघायला लागले.

विजेवरची गाडी आम्ही २०२३ च्या जानेवारीत घेतली. माझी शाळा इचलकरंजीत. कोल्हापूरहून शिरोली, हातकणंगले करत रोजचं जाऊन-येऊन साठेक किलोमीटर होतं. पेट्रोलचा खर्च वाचला, हे तर झालंच. पण खरं सुख वेगळंच होतं. इंजिनाचा आवाज नाही म्हणून आईला मागच्या सीटवर बसून माझं बोलणं ऐकू यायचं. पहिल्या वर्षात आम्ही गाडीत जितक्या गप्पा मारल्या, तितक्या घरातसुद्धा मारल्या नसतील. मग पस्तीस हजार किलोमीटरच्या पुढे मागून एक घुमणारा आवाज यायला लागला. ताशी ४५ ला सुरू व्हायचा, ६० ला वाढायचा आणि सिमेंटच्या रस्त्यावर तर नको व्हायचा. मला नुसता त्रास होत होता. आईच्या यंत्रात मात्र तोच आवाज मोठा होऊन जायचा, त्यात माझे शब्द बुडून जायचे. तिनं तक्रार केली नाही. यंत्र काढून ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत बसली.

एका गॅरेजमध्ये दाखवलं तर बेअरिंग गेलंय म्हणाले, दोन्ही मागची बदला. पैसे भरायच्या आधी मामेभावाला फोन केला. दादाचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे, मोजल्याशिवाय तो कशावर विश्वास ठेवत नाही. म्हणाला, "बेअरिंग जागचं हलत न्हाई. टायर हलवून बघू, आवाज कुठं जातोय त्ये कळंल." त्यानं पुढची चाकं मागं आणि मागची पुढं लावली. आम्ही शिरोलीपर्यंत एक फेरी मारली. आवाज चक्क पुढं आला होता. म्हणजे बेअरिंग ठीक होतं, दोष टायरचा होता.

मग त्यानं माझा हात टायरवर एका दिशेनं फिरवायला लावला. गुळगुळीत. उलट दिशेनं फिरवला तर बोटं अडकली. प्रत्येक खाचेची कड करवतीच्या दातासारखी उभी राहिली होती. चाकांचा कोन बिघडला की टायर सरळ लोळण्याऐवजी थोडा घासत जातो आणि नक्षी अशी तिरकी झिजते. ते दात रस्त्यावर आपटतात, तोच घूं घूं आवाज. व्हर्नियर या बारीक मापाच्या पट्टीनं खाचांची खोली मोजली. मुळात पुढे असलेल्या टायरच्या बाहेरच्या कडेला २.१ मिलिमीटर, मध्ये ३.४. कायद्यानं गाडीच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर नक्षी लागते, खाचेत उंचवटे असतात ते त्याचीच खूण. पण पावसाळा तोंडावर होता आणि आईचं माहेर वैभववाडीकडं. करूळ घाटात भर पावसात दोन मिलिमीटरवर उतरायची माझी तयारी नव्हती. ४१ हजार किलोमीटरला टायर बदलायचं ठरवलं.

पुढचे दोनच बदला, असा सल्ला सगळ्यांनी दिला. माझ्या गाडीत मोटर पुढची चाकं फिरवते, ब्रेक न दाबता वेग कमी करतानाचा भारही त्यांच्यावरच येतो, म्हणून पुढचे लवकर झिजतात हे खरं. पण दोनच घेतले तरी नवे टायर मागे लावावेत, कारण ओल्या रस्त्यावर मागचं चाक सुटलं तर गाडी सावरणं फार कठीण. माझे मागचे तर करवत झालेले. ते ठेवून शांतता कुठून मिळणार? चारही बदलायचे ठरवले.

यानंतरचे पंधरा दिवस दुकानं फिरण्यात गेले. माझा साईज २१५/६० आर १६. टायरची रुंदी २१५ मिलिमीटर, रिमपासून वरच्या कडेची उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम १६ इंची. त्याच्या पुढे ९५एच. ९५ म्हणजे एक टायर ६९० किलो पेलतो, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग सोसतो. बॅटरीमुळे गाडी जड असते, म्हणून हा भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा खाली जाऊ द्यायचा नाही. एका दुकानात "ताई, २२५ टाका, गाडी भारदस्त दिसंल" असं ऐकलं. रुंद टायर बहुतेक वेळा जास्त ऊर्जा खातो आणि आवाजही वाढवतो, म्हणजे मला हवं त्याच्या बरोबर उलट. दुसऱ्या दुकानात भाव चांगला मिळत होता. पण टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्का पाहिला तर ३१२२. म्हणजे २०२२ सालचा ३१ वा आठवडा. मी २०२५ च्या जूनमध्ये उभी होते. जवळजवळ तीन वर्षं गोदामात पडलेलं रबर नव्याच्या भावात मला नको होतं. हा शिक्का बघायला कुणी आपणहून सांगत नाही. टायर रिमवर चढायच्या आधी स्वतः वाकून बघावा, आणि चारही टायरवरचा बघावा.

आवाजाचा आकडा मला सगळ्यात जास्त हवा होता आणि तोच सगळ्यात फसवा निघाला. टायरच्या माहितीपत्रकात कधी कधी डेसिबल दिलेले असतात. ते गाडीतल्या माणसाच्या कानाचे नसतात. गाडी इंजिन बंद ठेवून ताशी ८० च्या आसपास सोडतात आणि रस्त्याच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटरवर ठेवलेल्या माइकनं मोजतात. रस्त्याकडेच्या घरांसाठी तो आकडा महत्त्वाचाच आहे. पण आत बसलेल्या आईला त्रास देणारा घुमारा बराचसा टायरच्या पोकळीतली हवा आणि चाकातून गाडीच्या पत्र्यात शिरणारी कंपनं यांतून येतो, तो त्यात पकडला जात नाही. ही पोकळीतली घरघर कमी करायला काही टायरच्या आत स्पंज चिकटवलेला असतो. माझ्या साईजमध्ये तसे मला मिळाले नाहीत.

कमी ऊर्जा खाण्याचं त्या मानानं सोपं. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोची फ्रीजसारखी ताऱ्यांची खूण आता काही टायरवर येते. तारे जास्त, तितका टायर लोळताना विरोध कमी. पण मी दुकानदाराला आधी ओल्या रस्त्यावरच्या पकडीबद्दल विचारत होते. कमी विरोध, पकड आणि टिकाऊपणा या तिन्ही गोष्टी एकाच रबरात पूर्ण बसवणं अवघड असतं, एक ताणली की दुसरी सैल पडते. गगनबावड्याचा पाऊस ज्यानं पाहिलाय, त्यानं पकड सोडून रेंजच्या, म्हणजे एका चार्जिंगमध्ये गाडी किती जाते त्याच्या, मागं लागू नये, असं माझं ठाम मत आहे.

शेवटी तीन नावं उरली. अपोलोचा अँपेरियन आणि सीएटचा एनर्जीड्राइव्ह हे दोन्ही विजेच्या गाड्यांसाठी काढलेले, आणि मिशेलिनचा प्रायमसी ४ एसटी शांतपणासाठी ओळखला जाणारा. तिघांपैकी कुठलाही घेतला असता तरी मला चाललं असतं. अँपेरियनचे चारही टायर ११२५ शिक्क्याचे, म्हणजे तीनच महिन्यांपूर्वीचे मिळाले, म्हणून ते घेतले. नवे व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग आणि अलायमेंट, म्हणजे चाकांचा कोन जुळवणं, धरून ३४ हजारांच्या आसपास गेले. तेव्हा टायरवर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झाला, त्यामुळे आता घेणाऱ्याला थोडं हलकं पडेल.

टायर बसवताना मी जागची हलले नाही आणि ते बरंच झालं. कामाला लागलेल्या पोरानं जॅक सरळ गाडीच्या मध्यावर सरकवला होता. तिथं खाली बॅटरीची पेटी असते. "दादा, थांबा," मी जवळजवळ ओरडलेच. मॅन्युअलमधलं पान काढून गाडी उचलायच्या चार जागा दाखवल्या. त्यानं निमूट जॅक काढून बरोबर जागी लावला. पोराचा दोष नाही, पेट्रोलच्या गाड्या उचलून त्याचा हात तसा बसलेला. पण ती पेटी चेपली असती तर टायरच्या कितीतरी पट खर्च पुढ्यात आला असता. अलायमेंटचा छापील कागदही मागून घेतला. आधीचे आकडे लाल होते, नंतरचे हिरवे. हे केलं नसतं तर नव्या टायरचीसुद्धा वर्षभरात करवत झाली असती.

घरी येऊन दुसऱ्या दिवशी सकाळी, टायर थंड असताना हवा मोजली. चारही चाकांत ४० पीएसआय. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरपेक्षा बरीच जास्त. ती स्टिकरप्रमाणे केली, तेव्हा कुठं खड्ड्यातला धडधडाट गेला.

आणि मग रेंज कमी झाली! आधी युनिटला ६.९ किलोमीटर मिळायचे, पहिल्या आठवड्यात ६.४ वर आले. मी फार अस्वस्थ झाले, इतके पैसे घालून हे काय. दादानं कागदावर हिशेब मांडला. झिजलेल्या टायरमध्ये रबर कमी, त्यामुळे तो लोळताना विरोधही कमी करतो. नव्याची जाड नक्षी जास्त दबते आणि वळते. दुसरं म्हणजे, नव्या टायरचा व्यास सुमारे ६६४ मिलिमीटर. नक्षी सहा मिलिमीटर झिजली की व्यास बारानं घटतो, जवळजवळ १.८ टक्के. लहान चाकाला तेवढ्याच अंतरात जास्त फेरे पडतात आणि मीटर जास्त किलोमीटर दाखवतं. मी पडताळून पाहिलं. घर ते शाळा आधी ३०.४ दिसायचे, आता २९.९. म्हणजे घटीतला काही भाग नुसता मोजमापाचा होता. त्यात जूनचा पाऊस, ओल्या रस्त्यावर पाणी बाजूला सारायलाही बळ लागतं. दोन हजार किलोमीटर झाल्यावर, कोरड्या दिवसांत, ६.७ मिळायला लागले. जुन्या झिजलेल्या टायरशी नव्याची तुलना करून निराश होऊ नका, एवढंच मी आता सगळ्यांना सांगते.

आवाज मी फोनवरच्या ॲपनं मोजला. कागलच्या बाजूनं येताना तोच टप्पा, काचा बंद, एसी बंद, ताशी ८०. आधी ६९ डेसिबल, नंतर ६५. फोनचा आकडा प्रयोगशाळेतला नव्हे, पण तोच फोन आणि तोच रस्ता असल्यामुळे फरकावर विसंबता येतं. यातलं किती या टायरचं आणि किती केवळ करवत गेल्यामुळे, ते वेगळं काढता येणार नाही. खडबडीत डांबरावर अजूनही आवाज आहेच, तिथं कुठलाही टायर बोलतो.

पहिल्या रविवारी आईला घेऊन वैभववाडीला निघालो. कळे गाव मागं पडल्यावर तिनं विचारलं, "मागं काय टिकटिकतंय गं?" सीटबेल्टचं बक्कल दाराला लागत होतं. मला ते ऐकूच आलं नव्हतं. साळवणला चहाला थांबलो तेव्हा ते नीट अडकवलं आणि पुढं घाटभर ती तिच्या लहानपणच्या पावसाबद्दल बोलत होती.

चाकांची पुढं-मागं अदलाबदल आता दर आठ हजारांना करायची आहे. पहिली ४९ हजारांवर. दाराच्या कप्प्यातल्या वहीत तारीख, किलोमीटर आणि व्हर्नियरचे चार आकडे लिहून ठेवलेत.