बेळगावहून दुबई, २०२१: स्वॅबच्या वेळेचा हिशेब

कोरोनामुळं बंद असलेली दुबई ५ ऑगस्ट २०२१ पासून काही अटींवर निवासी व्हिसावाल्यांना पुन्हा उघडली. बेळगाव, निपाणी, खानापूर भागात सुट्टीला येऊन अडकलेल्यांची एकच धांदल उडाली. दुबईच्या व्हिसाला जीडीआरएफएची (दुबईचं निवास-परवाना खातं) परवानगी लागायची, इतर अमिरातींच्या व्हिसाला आयसीएची (तिथलं केंद्रीय खातं). हा अर्ज ऑनलाइन व्हायचा, त्यात अवघड काही नव्हतं. मला खरं डोकं लावावं लागलं ते तासांच्या हिशेबाला.

विमान सुटण्याआधी ४८ तासांच्या आतला आरटीपीसीआर लागायचा. हे तास रिपोर्ट हातात पडल्यापासून नाही, स्वॅब घेतल्यापासून मोजायचे. त्यामुळं मी हिशेब विमानापासून मागं केला. विमानतळावर सहा तास आधी पोचायचं, कारण रॅपिड पीसीआर (झटपट निकालाची दुसरी चाचणी) तिथंच आणि सुटण्याआधी सहा तासांच्या आत करायची. बेळगाव ते मुंबई जवळपास ५०० किलोमीटर, म्हणजे दहा-बारा तास. अठरा तास इथंच गेले, उरले तीस. बेळगावातल्या केंद्रावर स्वॅब देऊन नमुना बंगळूरला जाणार असेल तर रिपोर्टलाच दिवस जायचा. म्हणून स्वॅब घेणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा: मशीन इथंच आहे की नमुना बाहेर जातो? बाहेर जात असेल तर आदल्या दिवशी मुंबई गाठून तिथंच स्वॅब द्यावा, असं माझं स्पष्ट मत होतं. मी तेच केलं.

रिपोर्टवर क्यूआर कोड लागायचा आणि स्कॅन केल्यावर मूळ रिपोर्टच उघडावा लागे. सरकारी केंद्राचा नुसता एसएमएस काउंटरवर चालत नसे. कोड घरीच दुसऱ्या फोनवर स्कॅन करून बघायचा.

दुसऱ्या लाटेत ज्यांना कोरोना होऊन गेला, त्यांनी आठवडाभर आधी एक चाचणी स्वतःहून करून घ्यायची. माणूस ठणठणीत बरा झाला, त्याच्यापासून कुणाला लागण होत नाही, तरी विषाणूचे अवशेष नाकात कित्येक आठवडे राहू शकतात आणि आरटीपीसीआर पॉझिटिव्ह येऊ शकते. हे तिकीट काढायच्या आधी कळलेलं बरं. गल्लीत रुग्ण सापडून घर सीलडाऊन (प्रशासनानं बंद) झालं तर तिकीट असूनही बाहेर पडणं मुश्किल व्हायचं, म्हणून शेवटचे दहा-बारा दिवस लग्नं, बारशी टाळायची. पाहुणे रागावले तरी चालायचं.

त्या ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यात शुक्रवारी रात्री ९ ते सोमवारी पहाटे ५ कर्फ्यू होता. तिकीट दाखवून जाता यायचं, पण वडाप (शेअर जीप) बंद. शनिवार-रविवारचं विमान असेल तर गाडी आधीच ठरवावी लागे.

लसीच्या सर्टिफिकेटवर पासपोर्ट नंबर कोविनवरून (सरकारचं लसीकरण पोर्टल) जोडता यायचा. आपल्याकडं आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि पासपोर्टवर वेगळाच क्रम, असं सर्रास असतं. नाव दुरुस्तीची संधी एकदाच मिळायची, म्हणून पासपोर्ट समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवून टाइप करायचं.

परतीचा घोळ वेगळाच. भारतात उतरायला एअर सुविधावर (प्रवाशांसाठीचं सरकारी पोर्टल) फॉर्म आणि ७२ तासांतला निगेटिव्ह रिपोर्ट लागायचा. पण मुंबईहून गाडीनं येताना कोगनोळी नाक्यावर (निपाणीजवळची राज्याची हद्द) कर्नाटकही ७२ तासांतलाच रिपोर्ट मागायचं, दोन्ही डोस झालेले असले तरी. दुबईत ७२ तासांच्या काठावर दिलेला स्वॅब विमानात बसायला पुरायचा, पण इमिग्रेशन, सामान आणि पुण्यापर्यंतची वाहतूक यात नाक्यावर पोचेस्तोवर मुदत संपायची. मग पोलीस गाडी मागं, महाराष्ट्रातल्या कागलकडं वळवायचे. म्हणून तिकडचा स्वॅब विमानाच्या आदल्या दिवशीच द्यायचा आणि रिपोर्टची छापील प्रत पासपोर्टबरोबर वरच्या कप्प्यात ठेवायची. स्वॅब घेतल्याची तारीख आणि वेळ त्यावर ठळक छापलेली आहे का, हे तिथल्या लॅबमधून निघायच्या आधी बघून घ्यायचं. नाक्यावर तेवढंच वाचायचे.