माशी नव्हे, मासा

गेल्या मे महिन्यात हिमाचलातल्या तीर्थन नदीच्या काठाला, गुशैणी गावाच्या थोडं वर, मी एका दगडावर बसले होते. पायाशी, दगडाच्या आडोशाला माशांची बोटाएवढी दोन-तीन पिल्लं. पाठ शेवाळी काळपट, पोट वाळूच्या रंगाचं आणि वळताना कुशीवर एकदाच चमक. खालून एक पिवळट सावली सरकली आणि पिल्लं पसार. ब्राउन ट्राउट मासा! तीन दिवस मी गळावर बांधलेल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या नकली माश्या, म्हणजे फ्लाय, टाकत होते आणि हा पठ्ठ्या खाली मासे खात होता.

तसं नकली पिल्लू आपण गळावर बांधायचं, हे परतीच्या गाडीतच ठरलं.

फ्लाय म्हणजे माशी खरी, पण स्ट्रीमर ही माशी नव्हेच. लांब दांड्याच्या गळावर पिसं, दोरा, तार बांधून केलेला तो छोटा मासा असतो. नदी बघून बांधायची रीतही जुनी. डॉन गेपननं १९३० च्या दशकात कॅनडातल्या निपिगॉन नदीवर मडलर मिनो नावाची स्ट्रीमर बांधली, ती तिथल्या स्कल्पिन नावाच्या तळाशी बसणाऱ्या माशाची नक्कल. मला तीच करायची होती. पण तिचं डोकं हरणाच्या केसांचं, आणि ते आपल्या कायद्यात बसत नाही. मग वूली बगर नावाच्या साध्या स्ट्रीमरवर आले. पेनसिल्व्हेनियाच्या रसेल ब्लेसिंगनं ती १९६७ मध्ये बांधली. मऊ पिसांची शेपूट, अंगाला शेनिल म्हणजे लवदार दोरा आणि वरून गुंडाळलेलं कोंबड्याचं पीस. बस्स.

गळ आणि बांधताना तो घट्ट धरणारा छोटा व्हाइस ऑनलाइन मागवला. बाकी सगळं ठाण्यात मिळालं. वागळे इस्टेटमधल्या पंखे रिवाइंड करणाऱ्याकडून वीतभर तांब्याची तार, गळ जड व्हावा म्हणून. जांभळी नाक्याला पूजेच्या दुकानातून एक मोरपीस. कळव्याच्या चिकनवाल्याकडून गावरान कोंबड्याच्या मानेची पिसं आणि ब्रॉयलरची बुडाची पांढरी लव. "मॅडम, उशी भरायची का?" त्यानं विचारलं. हो म्हटलं. खरं कारण सांगत बसले असते तर मागच्या लोकांनी मला रांगेतून काढलं असतं. पिसांत किडे राहू नयेत म्हणून पिशवी आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवली, मटारांशेजारी. त्यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही.

लव रंगवताना पहिली फजिती. चहाच्या जुन्या पातेल्यात गरम पाणी, व्हिनेगर, जिलेबीचा केशरी रंग आणि थोडा हिरवा. पिसं बाहेर काढली तर चट्टेपट्टे! पिसांना तेल असतं, ते निघाल्याशिवाय रंग धरत नाही. दुसऱ्या खेपेला भांड्यांच्या साबणानं आधी खसखसून धुतली, तेव्हा कुठे तीर्थनच्या दगडावरचं शेवाळ पिसांवर उतरलं.

बांधताना खरा घाम फुटला. शेपूट दांड्यावर ठेवून दोरा ओढला की सगळी लव दोऱ्याबरोबर गोल फिरून पोटाखाली. पाचदा तेच. सासूबाई शेंगा सोलत बघत होत्या. त्या मूळच्या मालवणच्या, अबोलीचे वळेसर बांधण्यात आयुष्य गेलेलं.

"दोरा आधीच कशाला आवळतेस? फूल फिरणारच."

"आई, हे फूल नाही."

"बघू."

त्यांनी लव चिमटीत धरली, दोरा सैलच वर नेला, चिमटीतून पलीकडे उतरवला आणि मग सरळ खाली ओढला. शेपूट जागच्या जागी. या युक्तीचे मी किती व्हिडिओ पाहिले होते, ते त्यांना सांगितलं नाही.

शेपूट दांड्याएवढीच लांब ठेवली, जास्त झाली तर ती गळाच्या वाकाला गुंडाळते. कुशीवरच्या चमकेसाठी आईंच्या जुन्या खणाच्या काठातला जरीचा धागा, एका बाजूला एकच. डोक्याला मोरपिसाचे धागे. आणि हौसेहौसेनं मी गळाच्या नेढ्यापर्यंत बांधत गेले. वरून नेलपॉलिशचा थेंब. वाळल्यावर नेढं बुजलेलं! म्हणजे मासा तयार, पण त्याला दोरीच बांधता येत नाही. पुढच्या वेळी नेढ्यामागे दोन मिलिमीटर जागा सोडून थांबले. थांबायला जमणं हीच यातली मोठी कसरत आहे.

तिसरा नग इतका देखणा झाला की मी त्याचे फोटो काढले. झुबकेदार, गुबगुबीत. न्हाणीघरातल्या बादलीत सोडला आणि तो तरंगला, बुचासारखा. निम्मी लव आणि अंगावरचं अर्धं पीस कात्रीनं उतरवलं, पुढच्या गळाला तारेचे चार वेढे वाढवले, तेही पुढच्या अंगाला. कोरडा असताना हा चौथा नग अगदी मरतुकडा दिसत होता. बादलीत बुडवून दोरीला हलका हिसका दिला तर तोंड पुढे, शेपूट मागे आवळलेली. दोरी सैल सोडताच नाक खाली घालून शेपूट उलगडली, आणि जरीचा धागा एकदाच चमकला.

तीर्थनचा ट्राउट तरी कुठे मूळचा तिथला? इंग्रजांनी त्याची अंडी युरोपातून आणली, १९०९ च्या सुमारास कुलूच्या पाण्यात सोडली. विलायती मासा कळव्याच्या कोंबड्याला भुलेल की नाही, ते मार्चमध्ये मासेमारीवरची बंदी उठली की कळेल. गळाच्या टोकाचा उलटा काटा मात्र पकडीनं दाबून सपाट केलाय, मासा सोडायला सोपं जातं.

"पकडायचा आणि सोडायचा?" आई बादलीत वाकून बघत होत्या. मी पुन्हा हिसका दिला. त्यांनी बोट पुढे केलं, पिल्लू बोटाजवळून निसटलं.

"अजून दोन-तीन करून ठेव," त्या म्हणाल्या. "दगडात अडकून तुटतात म्हणालीस ना?"