दोन गाड्या लावल्या की बारा मिनिटांत ट्रिप

मे महिन्यातली दुपार, सोलापूर रस्त्यावरचा एक पेट्रोल पंप. तिथल्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या ६० किलोवॉटच्या, दोन गनच्या (एका वेळी दोन गाड्या लावता येणाऱ्या) डीसी चार्जरची तक्रार होती. एकच गाडी लावली तर बिनतक्रार चार्ज होते. दोन लागल्या की दहा-बारा मिनिटांत सगळंच बंद. आधीच्या भेटीत पॉवर मॉड्यूल बदलून झालं होतं. फरक शून्य.

लावताक्षणी ट्रिप झालं असतं तर शॉर्ट किंवा अर्थ लीकेज शोधलं असतं. बारा मिनिटं लागतात म्हणजे काहीतरी तापतंय. म्हणून चार्जर न उघडता थेट पंपाच्या पॅनेलकडे गेलो. दोन गाड्या लावून क्लॅम्प मीटरने पाहिलं, तर आर, वाय, बी या तिन्ही फेजना ८८ अँपिअरच्या आसपास. एमसीसीबी, म्हणजे पॅनेलमधला मोठा सर्किट ब्रेकर, १२५ अँपिअरची, त्यामुळे ओव्हरलोड नाही. मग तिच्या टर्मिनलवर टेंपरेचर गन धरली : आर ५८, वाय ६१, बी १२४ अंश.

केबल ॲल्युमिनियमची आणि लग (केबलच्या टोकाला दाबून बसवतात ते जोड) तांब्याचे! ॲल्युमिनियमवर ऑक्साइड चढतं, शिवाय ते तांब्यापेक्षा जास्त प्रसरण पावतं. तापून-निवून पकड सैल होते, रोध वाढतो आणि सांधा आणखी तापतो. एका गाडीला ४४ अँपिअर. दोन गाड्यांना करंट दुप्पट, पण उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून सांध्यातली उष्णता चौपट. ती एमसीसीबीच्या आतल्या, तापली की वाकणाऱ्या बायमेटल पट्टीपर्यंत पोचली की ट्रिप.

‘पेट्रोल भरायच्या डिस्पेन्सरच्या केबलला असेच लग आहेत, इतक्या वर्षांत काही झालं नाही,’ असं मॅनेजर म्हणाले. ते खरंच होतं. डिस्पेन्सरची मोटर एक-दीड एचपीची, मिनिट-दोन मिनिटं चालून थांबते. सांधा तापतच नाही. पेट्रोल टँकरने येऊन जमिनीखालच्या टाकीत आधीच साठलेलं असतं, मोटर ते फक्त उपसते. चार्जरला गाडीची सगळी ऊर्जा त्याच क्षणी, याच तीन तारांतून अखंड ओढावी लागते. चार्जरची केबल जोडणाऱ्याला हे कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

मेन बंद करून कुलूप लावलं, मीटरने सप्लाय नसल्याची खात्री केली. करपलेला भाग स्वच्छ, चमकदार तारा दिसेपर्यंत कापला. केबलला दीड फूट लूप सोडलेला होता म्हणून निभावलं, नाहीतर जॉइंट मारावा लागला असता. तारा ब्रशने घासून जॉइंट कंपाउंड लावलं, चारही कोअरना बायमेटॅलिक (केबलकडे ॲल्युमिनियम, बोल्टकडे तांबं असलेले) लग क्रिंप केले, बोल्ट टॉर्क रेंचने आवळले. बी फेजकडचं प्लास्टिक करपल्यामुळे एमसीसीबीही बदलली.

पुन्हा दोन गाड्या लावल्या. ४० मिनिटांनी आर ५६, वाय ५७, बी ५६.