रोझ बोलला जाऊन आलो: जागरण, ओव्हरटाइम आणि अडकलेली सॅक

मला अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी १ जानेवारी २०२४ ला कॅलिफोर्नियात पासाडेनाला जाऊन रोझ बोल, म्हणजे तिथली दरवर्षीची कॉलेज फुटबॉलची मॅच, बघून आलो. कारण माझा जुना रूममेट. अ‍ॅन आर्बरला मिशिगन विद्यापीठात एमएस केलंय त्याने, मिशिगनचं नाव निघालं की माणसात राहत नाही. समोर अलाबामा विद्यापीठाची टीम आणि मॅच राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफची सेमीफायनल. तिकिटाला किती मोजले ते बायकोला अजून सांगितलेलं नाही, त्यामुळे इथेही नाही.

त्याच दिवशी सकाळी आठला कोलोराडो बुलेवार्डवर रोझ परेड असते, साडेपाच मैलांची. चित्ररथाचा दिसणारा इंच न् इंच फुलं, पानं, बिया, साली असल्या गोष्टींनीच मढवायचा असा नियम आहे. विसर्जनाला लक्ष्मी रोडवर जागा धरतात ना, तसे लोक आदल्या दुपारपासून फुटपाथवर गाद्या टाकतात. आम्हीपण हौसेने तिथेच रात्र काढली आणि चुकलो, कारण थंडीने झोप नाही आणि मग ऐन मॅचमध्ये मी बसल्या बसल्या पेंगत होतो. दोन्ही बघायचं असेल तर रात्री नीट झोपा, पहाटे या, मागे उभं राहून बघा. परेड संपल्यावर रथ एका ठिकाणी उभे करून ठेवतात, तिकीट काढून दुसऱ्या दिवशीही जवळून बघता येतात.

स्टेडियम १९२२ चं, खाली अरोयो सेकोच्या दरीत. लॉस एंजेलिस मेट्रोच्या ए लाइनने मेमोरियल पार्कला उतरा आणि तिथून शटल घ्या नाहीतर चालत जा, पाऊण तास धरा. जाताना उतार आहे म्हणून खूश होऊ नका, रात्री तोच चढ चढायचाय.

बाजूच्या गोल्फ कोर्सवर गाड्या लावून लोकांचं खाणंपिणं चालू असतं. तिथे एका अलाबामावाल्या कुटुंबाने आम्हाला, मित्राच्या अंगात मिशिगनचा टीशर्ट दिसत असूनही, बोलावून खायला घातलं. नंतर गेटवर माझी सॅक अडवली. फक्त पारदर्शक पिशवी चालते, १२ बाय ६ बाय १२ इंच, हे वाचून यायला हवं होतं. शेवटी परत जाऊन त्याच कुटुंबाच्या ट्रकमध्ये ठेवली.

सीट शक्यतो पश्चिमेकडची घ्या. पूर्वेला दुपारभर ऊन थेट डोळ्यात, आणि पश्चिमेला बसलं की संध्याकाळी सॅन गॅब्रिएलचे डोंगर गुलाबी होताना दिसतात, ते बघून मी दोन मिनिटं मॅच विसरलो. (आमची मॅच दुपारी २ ला होती, २०२६ पासून १ ला सुरू करतात, म्हणजे तो नजारा मॅचमध्ये मिळणं अवघड.) सूर्य गेला की गारठा, जॅकेट हवंच.

शेवटच्या क्वार्टरला अलाबामा २०-१३ पुढे, आणि मी म्हणालो चल निघू, शटलची लाइन वाढेल. मित्राने नुसतं बघितलं माझ्याकडे. मग चौथा डाऊन, म्हणजे शेवटची संधी, पुढे जायला दोन यार्ड हवेत, नाही मिळाले तर खेळ खल्लास, आणि मिशिगनच्या मॅकार्थीने कोरमला पास देऊन २७ यार्ड काढले. १ मिनिट ३४ सेकंद राहिले असताना बरोबरी! त्यात पुन्हा मिशिगनच्याच पोराने आपल्या गोललाइनजवळ पंट (अलाबामाने लाथ मारून लांब टाकलेला बॉल) हातातून सोडला, बॉल कसाबसा एक यार्डवर धरला. ओव्हरटाइममध्ये कोरम १७ यार्ड पळत आत घुसला, आणि शेवटी अलाबामाच्या मिलरोला गोललाइनच्या अलीकडे लोळवला. २७-२०. मला नियम अर्धेच कळत होते पण घसा पूर्ण बसला. तेव्हा लवकर उठू नका, अगदीच लाइन चुकवायची असेल तर संपल्यावर अर्धा तास जागेवरच बसून राहा.

आम्हाला मात्र बसता येईना, सॅक होती ना. अंधारात हजारो गाड्या, सगळे ट्रक सारखेच, आणि लोकेशन सेव्ह केलेलं नाही (तुम्ही करा). पाऊण तासाने ते अलाबामावाले सापडले. काकांचा चेहरा उतरलेला, सॅक हातात घट्ट. म्हणाले, आधी 'रोल टाइड' (अलाबामावाल्यांची घोषणा) म्हणायचं, मग मिळेल. मी लगेच म्हणालो. मित्राला म्हणायला पाच मिनिटं लागली.