शनिवारची साखर

साखर दुकानातून विकत आणायची असते हे मला पुण्याला शिकायला गेल्यावर कळलं. आमचं गाव वाळवा तालुक्यातलं, आप्पा कारखान्याचे सभासद, त्यामुळे दिवाळीच्या आधी सवलतीच्या दरातली साखर घरी यायची ती पोत्यानेच. चहात दोन चमचे म्हणजे कमीच, आणि पाहुण्याच्या कपात तीन, नाहीतर लोक काय म्हणतील.

आता मी स्वीडनमधे लुंडला राहते, सातवं वर्ष चालू आहे, आणि गंमत बघा, इथेही साखरपट्टाच नशिबात. देशाचा हा दक्षिणेकडचा भाग, स्कोने, बीट पिकवतो. आपलं कोशिंबिरीचं लाल बीट नाही, पांढरं, जाडजूड, मुळ्याच्या थोरल्या भावासारखं. ओर्तोफ्ताचा साखर कारखाना लुंडपासून अगदी जवळ, देशात आता तो एकच उरलाय, आणि सप्टेंबर ते जानेवारी त्याचा गळीत हंगाम चालतो, म्हणजे बीटाने भरलेले ट्रक आणि रस्त्यावर मातीची ढेकळं. पहिल्या वर्षी आप्पांना व्हिडिओ कॉलवर ट्रक दाखवले तर त्यांचा पहिला प्रश्न, "उतारा किती पडतोय?", म्हणजे शंभर किलोमागे साखर किती निघते. बीटात 16-18 टक्के साखर असते म्हटल्यावर जरा वेळ गप्पच बसले, आमच्याकडे साडेबारा पडला तर गावभर चर्चा असते.

तर अशा घरातल्या मुलीला साखर सोडायला सांगितली. दोन वर्षांपूर्वी इथल्या आरोग्य केंद्रात एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ताची टेस्ट, केली, आकडा आला 43. इथे टक्क्यांत सांगत नाहीत, वेगळं एकक आहे, 43 म्हणजे आपल्याकडचे साधारण 6.1, आणि 48 पासून पुढे डायबेटिस. नर्स म्हणाली अजून वेळ आहे, खाणं बदल, चाल. मी घरी फोन करून सांगितलं की शुगर 43 आलीय, तर आई घाबरून म्हणाली, "अगं बाई, एवढी कमी? आधी साखर घाल तोंडात!"

पहिला प्रयत्न अर्थातच सगळं एकदम बंद, 1 जानेवारीपासून. डोकं दुखलं, चिडचिड झाली, नवरा चार दिवस जपून बोलत होता. अकराव्या दिवशी संध्याकाळी स्टेशनवर वेलदोड्याच्या बुल्लेचा, म्हणजे इथल्या गोड बनचा, वास आला आणि मी एक नाही, दोन खाल्ले, प्लॅटफॉर्मवर उभ्या उभ्या. दुसरा प्रयत्न जास्त हुशारीचा. माल्मोच्या देशी दुकानातून गूळ आणला, खजुराचे लाडू केले, आणि "साखर सोडली" असं सांगत रोज चार लाडू हाणले. गूळ चालतो हे आमच्याकडे सगळेच म्हणतात. उसाच्या रसालाच माहीत त्याला गूळ व्हायचंय की साखर, पोटाला काय फरक पडतो, हे आप्पांनी सांगायला हवं होतं खरंतर, पण ते स्वतःच चहा गुळाचा पितात.

नुसतं गोड पदार्थ सोडून इथे भागतही नाही. सुपरमार्केटच्या मऊ ब्रेडमधे सिरप असतं, म्हणजे आपली काकवीच समजा. मीटबॉल्सबरोबर लिंगनबेरीचा जॅम. हेरिंग मासा मुरवायचं पाणी तर इथे 1-2-3 म्हणूनच ओळखतात, एक भाग व्हिनेगर, दोन भाग साखर, तीन भाग पाणी. माशाला दोन भाग साखर! मालवणची माझी मैत्रीण हे ऐकून खुर्चीतच बसली. मग मी पाकिटामागचं वाचायला शिकले. 100 ग्रॅममागे कर्बोदकं किती आणि त्यातली साखर किती हे लिहिलेलं असतं, चार ग्रॅम म्हणजे एक चमचा धरायचा. पण त्यात दुधाची मूळची साखर आणि वरून घातलेली वेगळी दाखवत नाहीत, त्यामुळे साध्या दह्यावरसुद्धा चार-पाच दिसतात आणि आपण उगाच दचकतो. फळांच्या दह्यावर दहा-अकरा दिसले की मधला फरक वरून घातलेला, थोडीफार फळाची सोडली तर. आता आमच्या घरात साधं फिलम्यॉल्क येतं, आंबट पातळ दह्यासारखं, त्यात मीठ, जिरं, हिरवी मिरची घातली की मठ्ठा तयार. आणि बिनसाखरेचा राय नावाच्या धान्याचा क्नेकेब्रेड, कडक भाकरीच म्हणायची, त्यावर लोणी आणि ठेचा. हे रोज सकाळी, कंटाळा अजून आलेला नाही.

खरी परीक्षा दुपारची. डिसेंबरात साडेतीनलाच सूर्य बुडतो आणि त्याच वेळी ऑफिसात फीका असते, म्हणजे कॉफी आणि तिच्याबरोबर काहीतरी गोड. नाव फिका आणि पुढ्यात सगळं गोडमिट्ट, मराठी माणसाने हसावं की रडावं. त्यात सणांचं कॅलेंडर वेगळंच, 4 ऑक्टोबरला दालचिनी बुल्लेचा दिवस, 13 डिसेंबरला केशराचे बन, 25 मार्चला वॉफल, आणि लेंटच्या, म्हणजे ख्रिश्चनांच्या उपासाच्या काळाच्या, आधीच्या मंगळवारी सेमला, बनमधे बदामाचं सारण आणि वर क्रीम. आडोल्फ फ्रेडरिक नावाचा इथला राजा 1771 मधे भरपेट जेवणावर 14 सेमले खाऊन गेला असं म्हणतात. मी तीनपर्यंत पोचलेय एकदा.

पण या लोकांचा एक गुण फार उपयोगी पडला. आग्रह करत नाहीत. "नको" म्हटलं की "बरं", विषय संपला. नाहीतर मे महिन्यात गावी गेले तर काकू श्रीखंडाची वाटी घेऊन मागे मागे, "एवढ्याने काय होतंय", आणि नाही म्हटलं तर सासरचं काही बिनसलंय का इथपर्यंत चौकशी. इथे वाढदिवसाला ज्याचा वाढदिवस त्यानेच केक आणायचा, तर मी स्मोर्गोसटोर्टा नेते, ब्रेडचे थर, अंडी, मेयोनिज, काकडी, दिसायला केक आणि चवीला सँडविच. सगळे खूश, मीसुद्धा.

शेवटी मला जमलं ते शेजारच्या मुलांकडे बघून. इथे मुलांना गोळ्या-चॉकलेट शनिवारीच, त्याला लोर्डागसगुडीस म्हणतात. दुकानात डबेच्या डबे मांडलेले, छोट्या फावड्याने पिशवी भरायची आणि वजनावर पैसे, भाव हेक्टोचा, म्हणजे 100 ग्रॅमचा. आठवडाभर रडारड नाही कारण सगळ्यांना वार माहीत असतो. म्हटलं हे तर आपलंच, आई शनिवारी मारुतीचा उपास धरते, मी सहा दिवस धरते आणि शनिवारी सोडते.

नंतर कळलं की ही पद्धत आली कुठून, आणि ती जागा माझ्या सायकलच्या रस्त्यावरच निघाली. विपेहोल्म, तेव्हाचं मतिमंद रुग्णांचं मोठं इस्पितळ, आज तिथे कॉलेजच्या वयाच्या मुलांची शाळा आहे. 1940 च्या दशकात तिथल्या रुग्णांना मुद्दाम दाताला चिकटेल अशी टॉफी बनवून खायला घातली, काहींना दिवसाला 24, दात किडतात का बघायला. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. दात किडले. निष्कर्ष निघाला की किती खाता यापेक्षा किती वेळा आणि किती चिकट खाता हे दाताला जास्त नडतं, आणि त्यातूनच 1950 च्या दशकात सरकारने सांगितलं की मुलांना गोड आठवड्यातून एकदाच द्या. ते वाचल्यापासून शनिवारी पिशवी भरताना टॉफीच्या डब्याकडे माझा हात जात नाही. माझी शिस्त त्यांच्या दातांवर उभी आहे हे डोक्यातून जातच नाही.

बाकी दिवसांचं साधं आहे. चहातली साखर दर दोन आठवड्यांनी अर्धा चमचा कमी केली, आता वेलदोडा आणि आलं जास्त घालते. चार वाजता मूठभर शेंगदाणे, ते आधीच डबीत भरलेले हवेत नाहीतर बुल्ले जिंकतो. जेवण झालं की लगेच बडीशेप. काही दिवस तरीही हरते, मंगळवारी हरले तर शनिवार त्याच आठवड्यात मंगळवारी आला असं धरते आणि पुढे चालते. मागच्या टेस्टला 39 आले, आईला यावेळी आकडा सांगितलाच नाही.

शनिवारी दुपारी आमचा कॉल असतो. तिकडे तिच्या पुढ्यात साबुदाण्याची खिचडी, इकडे माझी कागदी पिशवी. "उपास सोडलास का?" ती विचारते. मी आंबट गोळी तोंडात टाकत म्हणते, "आत्ताच." मागून आप्पांचा आवाज, "हंगाम चालू झाला का गं तिकडं?"